३८ अंश म्हणजे नेमकं किती? उन्हाळा, वणवा आणि फील्डवर्क

एप्रिल-मे म्हणजे एमएस्सीच्या प्रोजेक्टचा आणि पीएचडीच्या फील्डवर्कचा हंगाम. परीक्षा संपलेल्या असतात, पाऊस अजून लांब असतो, ओढे आटलेले असतात, डोंगरावर पायवाटा मोकळ्या असतात. गाइड म्हणतात, "जूनच्या आधी सॅम्पलिंग उरकून घ्या." आणि आपण निघतो. बॅगेत जीपीएस, सॅम्पलच्या पिशव्या, वही, पॉवर बँक. पाण्याची बाटली एकच, तीही एक लिटरची.

हवामानाचा आकडा वाचायचा कसा, हे आपल्याला सहसा कुणी शिकवत नाही, म्हणून ही पोस्ट. मोबाइलवर "कमाल ३८ अंश" दिसतं आणि आपण मनात म्हणतो, "नागपूरला तर ४५ असतं, हे काय विशेष!" या वाक्यात एक मोठी चूक दडलेली आहे. ती समजली की उष्णतेची लाट आणि वणवा या दोन्ही गोष्टींची तयारी कशी करायची, याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

तीन स्टेशनं पलीकडची घटना

मी राहते सारसोळेला. नेरुळच्या सेक्टर ६ मधलं हे मूळचं आगरी-कोळ्यांचं गाव. पाम बीच रोड ओलांडला की सारसोळे जेट्टी, पुढे खारफुटी आणि खाडी. हार्बर लाइनवर नेरुळनंतर सीवूड्स, बेलापूर आणि मग खारघर.

त्या खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक जमले होते. कार्यक्रम दुपारपर्यंत चालला आणि गर्दीतल्या बहुतेकांच्या डोक्यावर सावली नव्हती. अधिकृत आकडेवारीनुसार उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्य सरकारने उन्हाळा संपेपर्यंत दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावरच्या सरकारी कार्यक्रमांना मनाई केली.

त्या दिवशी परिसरात कमाल तापमान सुमारे ३८ अंश असल्याच्या बातम्या होत्या. पंचेचाळीस नाही, अडतीस! मग १४ माणसं गेली कशी? संशोधनाच्या भाषेत विचारायचं तर: आपण मोजत असलेली गोष्ट आणि माणसाला मारणारी गोष्ट, या दोन्ही एकच आहेत का?

आकडा कुठून येतो?

हवामान खात्याचं तापमान मोजलं जातं ते स्टीव्हन्सन पेटीत. पांढरा रंग, झडपांच्या भिंती, आत थर्मामीटर, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर. म्हणजे हे सावलीतल्या, वारा खेळत असलेल्या हवेचं तापमान. ते मुद्दाम तसं मोजतात, कारण कुलाबा आणि कोलकाता यांची तुलना करायची तर पेटी सारखीच हवी.

पण आपण काही पेटीत राहत नाही. जेट्टीवर जाळं विणणारा माणूस, टोपली घेऊन उन्हात बसलेली मासेवाली, नाक्यावर उभा असलेला बिगारी, सिग्नलवरचा पोलीस आणि डोंगरावर क्वाड्रॅट टाकून गवताच्या जाती मोजणारे तुम्ही, या सगळ्यांवर थेट ऊन पडतं. शिवाय डांबर, काँक्रीट नाहीतर कातळ खालून तापत असतो. पेटीतला आकडा यातलं काहीच सांगत नाही.

आता "उष्णतेची लाट" म्हणजे काय ते बघू. भारतीय हवामान खात्याचा निकष जागेप्रमाणे बदलतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं, डोंगराळ भागात ३०. त्याशिवाय ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त हवं. किनारपट्टीला ३७ अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश जास्त, एवढं पुरतं. तापमान थेट ४५ च्या वर गेलं तर सरासरी न बघताही लाट धरतात. आणि हे हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसावं लागतं.

यात "सरासरी" म्हणजे ३० वर्षांची सरासरी. संशोधन करणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा. सरासरी स्वतःच हळूहळू वर सरकत असेल, तर तेवढंच तापमान पुढच्या दशकात "कमी असामान्य" दिसेल. शरीराला मात्र ३० वर्षांची सरासरी कळत नाही. म्हणून प्रबंधात "हीटवेव्ह डे" हा शब्द वापरताना कुठला निकष, कुठलं केंद्र आणि कुठल्या ३० वर्षांची सरासरी, हे लिहायलाच हवं. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

नागपूरचा कूलर नेरुळला का चालत नाही?

नागपूरहून नवी मुंबईत बदली होऊन आलेली माणसं सोबत कूलर आणतात आणि पहिल्याच मे महिन्यात तो गॅलरीत जाऊन बसतो. खोली गार होत नाही, नुसती दमट होते. माठाचंही तेच. विदर्भात माठातलं पाणी दाताला कळ आणतं, आमच्याकडे ते जेमतेम गार होतं.

कारण एकच आहे. माठ, कूलर आणि आपली त्वचा, तिन्ही एकाच तत्त्वावर चालतात: पाण्याची वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता काढतो. नुसतं बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, चढण चढताना याच्या कित्येक पट. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाइतकं, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास पोचलं की हवेकडे उष्णता टाकण्याचे बाकीचे मार्ग जवळजवळ बंद होतात. उरतो फक्त घाम. तोही वाळला पाहिजे, नुसता गळून उपयोग नाही. टपटप खाली पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता नाही.

घाम वाळणार की नाही, हे ठरवते हवेची तहान, म्हणजे हवा आणखी किती वाफ पिऊ शकते ते. हे मोजायची जुनी, सोपी पद्धत म्हणजे थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि त्यावर वारा सोडायचा. फडक्यातलं पाणी उडून गोळा जितका गार होईल, ते "वेट बल्ब" तापमान. हवा दमट असेल तर वेट बल्ब जास्त येतं, म्हणजे गार व्हायला वाव कमी.

स्टल यांनी २०११ मध्ये दिलेल्या सूत्रात तापमान आणि आर्द्रता टाकली की अंदाजे वेट बल्ब मिळतं. मी तीन उदाहरणं काढून बघितली. हे आकडे समजण्यासाठी निवडलेले आहेत, एखाद्या दिवसाच्या नोंदी नाहीत:

- तापमान ४५, आर्द्रता १५ टक्के (विदर्भातली दुपार): वेट बल्ब सुमारे २४
- तापमान ३८, आर्द्रता ४५ टक्के (नवी मुंबईतली कडक दुपार): सुमारे २८
- तापमान ३५, आर्द्रता ६५ टक्के (किनाऱ्यावरचा मे महिना): सुमारे २९.४

तिसरी ओळ पुन्हा वाचा. ३५ अंश म्हणजे लाटेच्या निकषात बसतसुद्धा नाही, पण तिघांत घाम वाळायला सगळ्यात अवघड हवा तीच. म्हणूनच हवामान खातं कोकणासाठी लाटेशिवाय "उष्ण व दमट हवामान" असा वेगळा इशाराही देतं. पिवळ्या रंगाचा असतो म्हणून आपण तो सोडून देतो. सोडू नका.

मग नागपूर सुरक्षित आहे का?

अजिबात नाही. संशोधनाचे पेपर वाचताना घाई केली तर नेमका इथे पाय घसरतो.

शेरवूड आणि ह्यूबर यांच्या २०१० च्या पेपरने ३५ अंश वेट बल्ब ही माणसाची सैद्धांतिक मर्यादा मांडली. त्यापुढे सावलीत, वाऱ्यात, भरपूर पाणी पिऊन बसलेला निरोगी माणूससुद्धा काही तासांत तगणार नाही. हा आकडा इतका प्रसिद्ध झाला की लोक त्याला "धोक्याची रेषा" समजू लागले, म्हणजे ३५ च्या खाली सगळं ठीक.

पुढे अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या गटाने तरुण, निरोगी माणसांना नियंत्रित खोलीत, घरातल्या हलक्या कामाइतक्या हालचालीला लावून प्रत्यक्ष मोजमाप केलं. २०२२ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दमट हवेत शरीराचं तापमान हाताबाहेर जायला सुरुवात झाली ती सुमारे ३०.६ वेट बल्बला. कोरड्या, अति तापलेल्या हवेत तर ही मर्यादा आणखी खाली, २५ ते २८ च्या दरम्यान आली. कारण हवा कितीही तहानलेली असली तरी शरीर घाम तयार करणार किती? त्यालाही कमाल वेग आहे. शिवाय ४५ अंशांची हवा स्वतःच शरीरात उष्णता ओतत असते.

म्हणजे दमट हवेत घाम असतो, पण वाळत नाही. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, पण पुरत नाही आणि अंगावर दिसत नसल्यामुळे किती पाणी गेलं ते कळतही नाही. दोन वेगळे धोके, दोन वेगळ्या तयाऱ्या. एकाच आकड्यात दोन्ही बसवायचा हट्ट धरला की चूक होते. आणि हे निष्कर्ष तरुण, निरोगी लोकांचे आहेत. म्हाताऱ्या माणसांची मर्यादा याहून खाली असते.

आता खारघरकडे परत बघा. ३८ अंश पेटीतले. त्यावर थेट ऊन, दाट गर्दीत अडलेला वारा, तासन्‌तास एका जागी बसणं. या प्रत्येक गोष्टीने शरीरावरचा भार वाढत जातो आणि यातली एकही गोष्ट त्या आकड्यात नाही. ऊन आणि वारा धरणारा एक निर्देशांक आहे, डब्ल्यूबीजीटी. त्यात ७० टक्के वजन ओल्या गोळ्याला, २० टक्के उन्हात ठेवलेल्या काळ्या गोलाला आणि फक्त १० टक्के साध्या थर्मामीटरला असतं. आपण बातम्यांत बघतो तो आकडा या हिशेबात एक दशांश!

मृत्यू मोजायचे कसे?

खारघरचे १४ मृत्यू "उष्माघात" म्हणून नोंदले गेले, कारण ते सगळ्यांसमोर, एका दिवशी, एका जागी झाले. पत्र्याच्या खोलीत एखादी आजी दुपारी झोपली ती उठलीच नाही, तर कागदावर बहुतेक "हृदयविकार" लिहिलं जातं. खोटं नसतं ते, पण अर्धवट असतं.

यावर संशोधक वापरतात ती पद्धत म्हणजे "अतिरिक्त मृत्यू". कारण विचारायचं नाही. त्या महिन्यात एरवी किती मृत्यू होतात आणि या वेळी किती झाले, फरक काढायचा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत तापमान ४६.८ अंशांवर गेलं. त्या महिन्याचा असा हिशेब पुढे एका अभ्यासात मांडला गेला आणि फरक निघाला १३४४. या लाटेनंतरच २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा केला. आधीच इशारा देणं, दवाखान्यांना तयार ठेवणं, पाण्याची सोय, लोकांपर्यंत माहिती पोचवणं, ही त्याची मुख्य अंगं. नंतर देशातल्या अनेक शहरांनी त्यावरून आपापले आराखडे केले.

विषय शोधणाऱ्यांनी लक्षात घ्या: उष्णतेच्या मृत्यूंचे वेगवेगळ्या सरकारी यंत्रणांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येकाची व्याख्या वेगळी. डेटा उतरवून घेण्याआधी व्याख्या वाचा.

शरीर हरतंय हे कसं ओळखायचं?

उष्णतेचा थकवा आणि उष्माघात यातला फरक फील्डवर ओळखता आलाच पाहिजे.

थकव्यात भरपूर घाम, डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, पायात गोळे येणं असं होतं. पण माणूस शुद्धीत असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं.

उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. असंबद्ध बोलणं, चिडचिड, तोल जाणं, झटके, बेशुद्धी. "घाम थांबला म्हणजे उष्माघात" असं आपण शाळेत शिकलो, पण चालताना-काम करताना होणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो. म्हणून घामाकडे नाही, बोलण्याकडे बघा. नाव, वार, आपण कुठे आहोत, हे विचारा. उत्तर गडबडलं की १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार पाण्याच्या बाटल्या ठेवा. जवळ पाण्याचं टाकं असेल आणि माणसाला धरून ठेवणारे लोक असतील तर डोकं वर ठेवून त्यात बसवा. आधी गार करा, मग हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. तापात मेंदूच शरीराचं "ठरलेलं" तापमान वर नेतो, गोळी ते खाली आणते. उष्माघातात मेंदूचं ठरलेलं तापमान जागेवरच असतं, शरीराला ते राखता येत नसतं. गोळी कशावर काम करणार? आणि खिशातला कांदा: त्यातून उष्णता बाहेर जायची कुठलीही वाट नाही. भाकरीबरोबर खा, ते उत्तम.

हवा कोरडी झाली की गवताची पाळी

आता त्याच हवेच्या तहानेची दुसरी बाजू. दमट हवा घाम वाळू देत नाही. कोरडी हवा घाम वाळवते, आणि गवतही.

खारघरचा डोंगर, पारसिकची टेकडी, कर्नाळ्याच्या बाजूचे उतार, पावसाळ्यात सगळं हिरवं. डिसेंबरपर्यंत तेच गवत पिवळं पडतं आणि मार्चमध्ये काडी लावायचा अवकाश. पेन्सिलीपेक्षा बारीक काडीकचरा आणि गवत हवेतला ओलावा बदलला की साधारण तासाभरात स्वतः बदलतं. म्हणून सकाळी दवाने दमट असलेला उतार दुपारी दोन वाजता पेटायला तयार असतो.

किनाऱ्याजवळ याला वाऱ्याचीही जोड असते. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस जमिनीकडून, पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाडीवरून येणारं समुद्री वारं उशिरा सुटतं. अशा दिवशी आमच्याकडे तापमान झपाट्याने वर जातं, आर्द्रता घसरते आणि डोंगरावर आगीचा धोका वाढतो. मग संध्याकाळी समुद्राचा वारा येतो, तापमान उतरतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण आर्द्रता चढते आणि पत्र्याच्या खोलीत रात्र काढणाऱ्याचा त्रास संपत नाही. एकाच दिवसात दोन्ही धोके, फक्त वेळ वेगळी.

हा काळ आता मे महिन्यापुरताही राहिलेला नाही. २०२५ मध्ये तर हवामान खात्याने फेब्रुवारीतच मुंबई आणि कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता.

वणवा लागतो कसा? आपल्याकडे या दिवसांत विजा क्वचितच. वणवे जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. नवं गवत लवकर फुटावं म्हणून जुनं जाळणं, शिकार, बिडी-सिगारेट, पार्टीची चूल. रायगड-ठाण्यात भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळून राब भाजतात. ती जुनी, विचार करून केलेली शेतीची रीत आहे, पण वाऱ्याच्या दिवशी ठिणगी बांध ओलांडू शकते. म्हणून "लोकांना अक्कल नाही" असं लिहून आपला निष्कर्ष संपवू नका. आग कुणी, कशासाठी, कुठल्या महिन्यात लावली, याची उत्तरं वेगळी असतात आणि उपायही.

कॅलिफोर्नियाच्या वणव्यांसाठी लिहिलेले सल्ले इथे जसेच्या तसे लावू नयेत. तिकडे घरं लाकडाची आणि झाडांत शिरलेली, जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ वस्त्याच्या वस्त्या जळाल्या. आपल्याकडची आग बहुतेक गवताची: बुटकी, वेगवान, लवकर विझणारी. सेक्टरमधल्या इमारतीला तिचा धोका धुराचा. पण डोंगरावरचे आदिवासी पाडे, गोठे, गवताच्या गंजी, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, लावलेली रोपं, वनमजूर आणि तिथे फिरायला किंवा अभ्यासाला गेलेली माणसं यांना थेट आगीचाच धोका असतो. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरावर ट्रेकिंगला गेलेला गट वणव्यात सापडला आणि वीसहून जास्त जण गेले.

आगीबद्दल एक नियम पाठच करा: आग चढावर धावते. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. उतार दर १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. २० अंशांच्या चढावर म्हणजे सपाटीच्या चौपट. त्याच चढावर तुमचा वेग मात्र निम्म्यावर येतो.

उपग्रहाला काय दिसतं?

वणव्यावर काम करायचं म्हटलं की पहिला डेटा हाताशी येतो तो उपग्रहाचा. मोडिसचा एक ठिपका साधारण १ किलोमीटरचा, व्हिआयआरएसचा ३७५ मीटरचा. भारतीय वन सर्वेक्षण याच माहितीवरून वन खात्याला आणि नोंदणी केलेल्या नागरिकांना सूचना पाठवतं.

पण ठिपका म्हणजे आग नव्हे, आणि ठिपका नाही म्हणजे आग नाही असंही नव्हे. व्हिआयआरएस असलेला उपग्रह आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. संध्याकाळी पाचला लागून सातला विझलेली गवताची आग त्याला दिसणारच नाही. "आमच्या तालुक्यात यंदा फक्त चार वणवे" हे वाक्य लिहिण्याआधी वनरक्षकाची वही बघा, गावात विचारा, जळालेल्या क्षेत्राची आधीची-नंतरची चित्रं ताडून बघा. पेटीतल्या तापमानासारखंच आहे हे. यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते देतंय का, हे आपणच बघायचं.

आता तयारी

फील्डवर जाण्यापूर्वी:

- तापमानाबरोबर आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा लिहून घ्या. आर्द्रता जास्त असेल तर कामाचा वेग कमी, विश्रांती जास्त. आर्द्रता कमी आणि वारा जोरात असेल तर गवताळ उतारावर जाऊ नका.
- शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी ठरलेल्या कामाचा पाचवा हिस्साच करा, मग रोज तेवढीच भर घाला. एसी लॅबमधून उठून थेट आठ तासांचं ट्रान्सेक्ट नको.
- काम पहाटे सुरू करा, ११ च्या आत उतरा. ही वेळ प्रोजेक्टच्या वेळापत्रकातच लिहा. नाहीतर "आजचा एकच प्लॉट राहिलाय" म्हणत दुपार होते.
- काम चालू असताना दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. पाच तासांना एक लिटर म्हणजे काहीच नाही. सोबत ओआरएस, किंवा लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा, सपाट भरलेला). ताक, कोकम सरबत, पन्हं, आंबील, सगळं चालतं. लघवी गडद पिवळी झाली तर तुम्ही मागे पडलाय.
- सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे. आगीजवळ सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं.
- एकटं जाऊ नका. कुठे जाताय, किती वाजता परत येणार, हे गाइडला आणि स्थानिक वनरक्षकाला कळवा. बीपीची, पाण्याची किंवा मानसिक आजारावरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, काहींमुळे उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. गोळी परस्पर बंद करू नका.

धूर दिसला तर:

- वारा कुठून येतोय आणि उतार कुठे आहे, आधी हे बघा. वर पळू नका, घळीत शिरू नका, घळ धुराड्यासारखी ओढते.
- आगीच्या बाजूने निसटून आधीच जळून काळा झालेला पट्टा, उघडा कातळ, पाणवठा किंवा वन खात्याने गवत काढून मोकळी केलेली जाळरेषा गाठा. डहाळ्या घेऊन आगीच्या तोंडाशी उभं राहणं हे प्रशिक्षित वणवा पथकाचं काम आहे.
- महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन १०१, कुठलीही आपत्कालीन मदत ११२. नंबर फोनमध्ये नाही, वहीच्या पहिल्या पानावर लिहा. डोंगरावर बॅटरी आधी मरते.

घरी:

- दुपारी उन्हाच्या बाजूच्या खिडक्या झाका, संध्याकाळी उघडा. पत्र्याच्या छपरावर ओलं गोणपाट किंवा पांढरा चुना, दोन्हींनी फरक पडतो. हवा ४० च्या पलीकडे असेल तर पंखा गरम हवाच अंगावर मारतो. आधी अंग ओलं करा.
- डोंगरावरचा धूर आला तर अडचण होते. उष्णता म्हणते खिडकी उघडा, धूर म्हणतो बंद करा. दाट धुराचे तास सहसा थोडे असतात, तेवढा वेळ बंद ठेवा, अंग ओल्या फडक्याने पुसत राहा. दम्याचा त्रास असलेल्यांना आणि लहान मुलांना तेवढ्यापुरतं दुसरीकडे हलवा. रुमाल बारीक कण अडवत नाही, एन-९५ मास्क अडवतो.
- शेजारी एकटं राहणारं म्हातारं माणूस असेल तर दुपारी चारला एकदा दार वाजवा. वर म्हटलेले "हृदयविकार" याच वेळेत घडतात.

विषय शोधताय?

नवी मुंबईचं तापमान म्हणून आपण बरेचदा खाडीपलीकडच्या सांताक्रूझचा आकडा वाचतो. सारसोळे गावठाणातल्या पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या स्लॅबच्या घरात आणि पाम बीच रोडच्या उंच इमारतीत एकाच रात्री तापमान-आर्द्रता किती वेगळी असते? तीन-चार हजारांच्या आतले डेटा लॉगर, वीस घरं, मार्च ते जून, एवढ्यावर एमएस्सीचा चांगला प्रोजेक्ट उभा राहतो. लॉगर आधी एका प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून ताडून घ्या. लोकांच्या घरात यंत्र लावायचं म्हणजे नीतिसमितीची परवानगी आणि घरच्यांची लेखी संमती लागते, त्यासाठी दोन महिने धरा. म्हणजे मार्चमध्ये सुरुवात करायची तर अर्ज डिसेंबरमध्ये.

आणि ज्या घरात रात्रीचा आकडा धोक्याचा दिसेल, त्या घरच्यांना तो जूनमध्ये रिपोर्टमधून नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सांगायचा. हे परवानगीच्या अर्जातच लिहून टाका.